लिव्हरवरचा भोवरा

धुळ्याच्या एका सायकल दुकानदाराने आमच्या नानांना फसवलं.

लोक म्हणतात, नानांच्या मुलाला फसवलं, कारण सायकल मुलाने घेतली. चूक आहे ते. मुलाला त्याने माल विकला. फसवलं नानांना. आणि हा फरक मला कळतो, कारण माझा जन्म विकण्यातच गेला आहे. भडगावहून जळगावात आलो तेव्हा सायकलच्या कॅरिअरला प्लास्टिकच्या चटया बांधून खेडोपाडी ओरडत फिरायचो. आज स्वतःचं गोडाऊन आहे. मालाची तारीफ कशी करायची, गिऱ्हाईक उठून चाललं की त्याला कुठल्या शब्दाने परत बसवायचं, ते मला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणूनच सांगतो, तो दुकानदार जे वागला त्याला धंदा म्हणत नाहीत.

नाना म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यातले माझे घरमालक. त्यांच्या मागच्या खोलीत मी लग्नापर्यंत राहिलो. आधी त्यांची छोटी डाळमिल होती. एकदा चालत्या मशीनचा पट्टा नीट बसवायला गेले आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं मुळापासून गेली. मिल पुढे विकली. बोटांबद्दल कुणी हळहळलं की म्हणायचे, "डाळमा गयी. कोणी खाई टाकी व्हतीन." आणि समोरचा वरण-भात खात असेल तर हमखास म्हणायचे.

माणूस फार गोड होता असं नाही. भांडण झालं की आमच्या नळाचं पाणी बंद करायचे आणि वर येऊन विचारायचे, "आंघोळ झायी का?" रिक्षात बसणार नाहीत. लग्नाला गेले की मांडवाबाहेर लावलेल्या सायकली उलट्या करून त्यांची चाकं फिरवून बघणार, आणि नवऱ्या मुलाचा मामा आपली सायकल शोधत फिरणार. खोली द्यायच्या वेळी मी भाड्याची घासाघीस सुरू केली, तर म्हणाले, "भाव नंतर. पहिले हाऊ लिव्हर खोलीसन दखाड." मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं आहे. पुढे कळलं की फिरलेलं होतंच, पण एकाच गोष्टीपुरतं. ती गोष्ट म्हणजे सायकलचा गिअर बदलायचा लिव्हर.

त्यांची सायकल जुनी, लांबच्या प्रवासाची. गिअरचा लिव्हर हँडलवर नाही, खाली तिरप्या दांड्यावर. साधी लोखंडी दांडी. मागे ओढली की वायर ताणली जाते आणि चेन मोठ्या चकतीवर चढते, म्हणजे पायाला हलकं. पुढे ढकलली की चेन लहान चकतीवर उतरते, म्हणजे जड. मध्ये खाचा नाहीत, टकटक नाही. दांडी कुठे थांबवायची ते हाताने आणि कानाने ठरवायचं. तिला जागेवर धरून ठेवतो तो फक्त एक स्क्रू आणि त्याखालचे दोन वायसर.

अशी दांडी चिमटीत धरून हलवतात. नानांना चिमूट नव्हती. म्हणून त्यांनी बाजारातून लाकडी भोवरा आणला, त्याची आर काढली, भोक मोठं केलं आणि तो लिव्हरच्या टोकावर ठोकून बसवला. भोवऱ्याचा गोल भाग तळहातात बरोबर बसायचा. तळहाताने ढकलायचं, तळहाताने ओढायचं. वर्षानुवर्षांच्या घामाने तो भोवरा काळा आणि गुळगुळीत झाला होता. अनोळखी माणूस हसायचा. नाना म्हणायचे, "हास. मना हात त्यामा शे."

गिअर बदलताना कुणी बोललेलं चालायचं नाही. आम्ही पाच-सहा जण त्यांच्याबरोबर जायचो. चढ आला की पुढून "श्श!" ऐकू यायचं. सगळे गप्प. मग चेन सरकल्याचा आवाज. मग नानांचं डोकं हलायचं आणि गप्पा पुन्हा सुरू. एकदा एरंडोलच्या अलीकडे कुणाचा तरी मोबाईल नेमका त्या वेळी वाजला, तर नानांनी सायकल थांबवून त्याला सगळ्यात मागे पाठवलं. "गिअर टाकाना तो कानले इचारीसन," हे त्यांचं वाक्य. टकटक करणाऱ्या नव्या लिव्हरांबद्दल म्हणायचे, "ज्यामा टकटक व्हस ते घड्याळ."

चकत्यांना त्यांनी नावं दिली होती. सगळ्यात मोठी, हलकी चकती म्हणजे आई. सगळ्यात लहान, जड, ती सासरा. मधल्या मामा, काकू, मावशी. घाट लागला की मागे वळून ओरडायचे, "मी चालनू मायकडे!" उतारावर सासरा. ट्रकवाले बघत राहायचे.

आणि पोळा. नानांकडे बैल नव्हते, शेत मिल टाकतानाच गेलं होतं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची खांदेमळणी असते त्या दिवशी, आम्ही सगळ्यांनी आपापल्या सायकली घेऊन त्यांच्या अंगणात जमायचं, हा नियम. प्रत्येकाने आपला लिव्हर खोलायचा. वायसर काढायचे, रॉकेलमध्ये बुडवायचे, जुन्या धोतराच्या चिंधीने कोरडे पुसायचे, वायर बाहेर ओढून तुटका धागा दिसतो का ते बघायचं. आमच्याकडची धूळ काय असते ते सांगायला नको. त्यात कापसाच्या दिवसांत रस्त्यावर उडणारा तो बारीक पिंजर. तो तेलाला चिकटला की आत नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. सगळं पुन्हा बसवलं की अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, हळदकुंकू लावायच्या, पुरणपोळीचा घास हँडलला दाखवायच्या. पोळ्याच्या दिवशी सायकलवर बसायचं नाही. बैलाला जुंपत नाहीत, तसं.

या पोळ्याचीच एक गोष्ट. एका वर्षी अक्कांना वाटलं, बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, मग या लिव्हरच्या खांद्याला का नाही? आम्ही जेवायला बसलो असताना त्यांनी नानांच्या लिव्हरच्या सांध्यात बोटाने चांगलं तूप भरलं. माया म्हणून. सायकलला सगळीकडे तेल-तूप चालतं, पण त्या वायसरांना नाही. ते घासूनच धरतात. तूप लागलं की दांडी जागेवर राहत नाही, वायर तिला पुढे ओढून नेते आणि चेन थेट सासऱ्यावर.

पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही धरणगावला निघालो. गाव संपायच्या आत नानांचा लिव्हर घसरला. त्यांनी ओढला, पुन्हा घसरला. खाली वाकून त्यांनी सांध्यावर बोट फिरवलं आणि नाकाला लावलं. मी म्हणालो, "नाना, थांबू या. दोन मिनिटांत पुसून काढू."

"चालू दे," ते म्हणाले.

धरणगावपर्यंत सगळा रस्ता तो माणूस सासऱ्यावर पाय मारत गेला. चढावर मानेच्या शिरा तट्ट. पोहोचल्यावर झाडाखाली बसले आणि मला म्हणाले, "घर जाईसन काही बोलानं नही. तिनी मायाघाई करं ते." मायेने केलं, म्हणून. घरी अक्कांनी विचारलं, "कशी चालनी?" नाना म्हणाले, "लोण्यासारखी." आणि मग आठ दिवस गुडघ्याला शेक घेतला, दार लावून.

हे लक्षात ठेवा. घरच्या माणसाने प्रेमाने चूक केली तर ती आपल्या गुडघ्यात घेऊन गप्प बसायचं, हा त्यांचा स्वभाव. माझ्याशी नळावरून भांडणारा हाच माणूस.

पोळ्यानंतरची मोठी फेरी मात्र धुळ्याची. पारोळामार्गे धुळे, तिथे मुक्काम, आणि सकाळी उठून लळिंगचा घाट. घाट काही फार मोठा नाही, मोटारवाल्याला कळतही नाही. पण दिवसभर सायकल मारून आलेल्या पायांना कळतो. नाना तो दर वर्षी पाय न टेकता चढायचे. त्यांनी स्वतःला बोली घातली होती आणि ती आम्हा सगळ्यांसमोर दर वर्षी घाटाच्या तोंडाशी म्हणून दाखवायचे: "ज्या दिन लळिंगमा पाय टेकसू, त्या दिन सायकल बंद." मग "श्श!" आणि आईकडे. वर पोहोचले की धापा टाकत म्हणायचे, "चला, एक साल भेटनं." एक वर्ष मिळालं. माणसाने आपलं आयुष्य असं वर्षावर्षाने स्वतःकडून भाड्याने घेतलं होतं.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. वाईट नाही. वडिलांची पंच्याहत्तरी आली, त्याच सुमारास नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलाच्या मनात आलं, आता या वयात त्यांना खाली वाकून लिव्हर हलवायला लावायचं नाही. नवी, हलकी सायकल द्यायची. ब्रेकच्या मुठीतच गिअर. हात हँडलवरून हलवायचाही नाही. विचार चांगला होता. मी तेव्हा माल आणायला सुरतला गेलो होतो. मी असतो तर मला नेलं असतं का? नंतर मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही तिथे वाद घातला असता."

घातला असता. त्यासाठीच तर माणूस बरोबर न्यायचा असतो.

जुनी सायकल गाडीच्या टपावर बांधून आणि नानांना काळा चष्मा लावून पुढच्या सीटवर बसवून मुलगा धुळ्याला गेला. नानांना वाटलं, टायर बदलायचे आहेत. दुकानदार बाहेर आला. नमस्कार केला नाही, शहरी पद्धतीने हात पुढे केला. नानांनी आपला हात दिला. त्याने तो धरला, हलवला, आणि नव्या सायकलपाशी नेऊन म्हणाला, "बघा काका, एकदम सोप्पं. बोट लावलं की गिअर पडला."

हे वाक्य मुलाने मला स्वतः सांगितलं. सांगताना त्याला त्यात काही वाटलं नाही. मी दोनदा वदवून घेतलं.

ज्या मुठीत ब्रेक, त्याच मुठीत गिअर. ब्रेकची दांडी आत ढकलायची ती पहिल्या दोन बोटांनी. ती बोटं नाहीत. राहिली अनामिका आणि करंगळी. त्याच दोघींनी ब्रेक दाबायचा आणि त्याच दोघींनी गिअर ढकलायचा. दुकानदाराने तो हात स्वतःच्या हातात धरला होता! डोळ्यांनी बघायचं चुकलं म्हणावं तर धरलेलं कसं चुकेल?

जुनी सायकल त्याने बदलीत ठेवून घेतली. टपावर दोन्ही आहेत असं समजून नाना गाडीत बसले; कळलं ते घरी आल्यावर. अंगणात उतरून त्यांनी विचारलं, "मनी कोठे शे?" मुलगा हसत म्हणाला, "नाना, तुमचीच आहे ही. जुनी एक्सचेंजला दिली." नाना नव्या सायकलकडे बघत उभे राहिले. अक्का आतून हळूच म्हणाल्या, "पोऱ्यानी हौसनी लई दिधी. काही बोलू नका." नाना म्हणाले, "मी कोठे काय बोली राहिनू?" आणि केक खाल्ला. मी परत आल्यावर मला म्हणाले, "चांगली शे. हलकी शे." मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. धरणगावच्या झाडाखालचे डोळे होते ते.

उन्हाळाभर सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आमच्याकडचा वैशाख लोखंडालाही सोसत नाही. लिव्हरच्या आत कंपनीने भरलेलं ग्रीस त्या उन्हात आटून जुन्या गुळासारखं घट्ट झालं. मग दांडी ढकलली की कधी गिअर पडायचा, कधी दांडी नुसतीच मोकळी फिरायची, आत काही धरायचंच नाही. नानांनी बाहेर काढली त्या पहिल्याच दिवशी ओळखलं. कान लावून म्हणाले, "आतला दात चिकटना," म्हणजे आतला खटका चिकटून बसला. उपाय त्यांना माहीत होता. खोलायचं, रॉकेलने धुवायचं, पातळ तेलाचे दोन थेंब. पोळ्याला करू म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे जमलो. रॉकेलची ताटली मांडली. नानांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि मुलाचा पुण्याहून फोन आला. फोनवर त्याने दुकानदारालाही जोडला.

दुकानदार म्हणाला, "काका, ते उघडायचं नसतंच. उघडलं की गॅरंटी गेली. आतली स्प्रिंग उडाली तर पूर्ण लिव्हर बदलावा लागेल, आणि तो मिळत नाही."

मी फोन हिसकावला. "मग तू ये आणि दुरुस्त कर. दात चिकटलेत."

"शेठ, आमच्याकडे रिपेअर होत नाही. बदलून मिळेल. मागवावा लागेल. वापरत राहा, वापराने मोकळा होतो."

"वापराने मोकळा होतो? तू गिअर विकतोस की जुलाबाची गोळी?"

त्याने फोन ठेवला. मुलगा मात्र लाइनवर होता. "नाना, प्लीज, खोलू नका. वाया जाईल. मी फार मनाने घेतलीय."

नानांनी स्क्रूड्रायव्हर ताटलीशेजारी ठेवला. मी म्हणालो, "खोला. गॅरंटी गेली खड्ड्यात." ते म्हणाले, "पोऱ्या नको म्हनी राहिना." मग अक्कांनी त्या बंद लिव्हरला हळदकुंकू लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नानांचा लिव्हर न धुता पोळा झाला. बाकीच्या सायकली उघड्या पडल्या होत्या आणि ती एकटी नवरीसारखी नटून भिंतीला टेकून उभी होती. मला ते बघवेना.

लळिंगला नाना नेहमीप्रमाणे थांबले, बोली म्हणाले. मी म्हणालो, "नाना, या वर्षी राहू द्या. माझी सायकल घ्या." ते हसले. "तुनी सायकल तुनासारखी शे. भाव करस."

"श्श!" झालं. आम्ही गप्प झालो. दांडी आत ढकलल्याचा आवाज आला, पण चेनचा आला नाही. पुन्हा ढकलली. पुन्हा मोकळी. मी मागून बघत होतो, त्यांची अनामिका आणि करंगळी दांडी पुन्हापुन्हा आत लोटत होती. चेन सासऱ्यावर. ते उभे राहून पाय मारू लागले. अर्धा घाट तसाच चढले, खोटं सांगत नाही, जवानाला जमलं नसतं. वळणावर मागून ट्रेलर आला, हॉर्न मारत. दोन्ही ब्रेक एकदम दाबावे लागले. त्या दोन बोटांनी ब्रेक धरला तेव्हा गिअर ढकलायला हाताला बोट उरलं नाही. सायकल थांबली. डावा पाय डांबरावर आला.

ट्रेलर निघून गेला. नाना खाली बघत म्हणाले, "टेकाई गया."

मी ओरडलो, "नाना, तो पाय तुमना नही! त्या दुकानदारना शे तो पाय!"

"पाय मनाच व्हता," ते म्हणाले, आणि सायकल हातात धरून चालत खाली निघाले. वर नाही, खाली.

त्यानंतर मी त्यांच्याशी महिनाभर घासाघीस केली. म्हटलं, बोली जुन्या सायकलची होती, नवीची नव्हती. म्हटलं, यंत्राने पाय टेकवला, माणसाने नाही. म्हटलं, पुढच्या पोळ्यापर्यंत मुदत द्या. आयुष्यात मी भल्या भल्या व्यापाऱ्यांना शब्दावरून खाली आणलं आहे. ते नुसते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "चहा लेस का?" जो माणूस काहीच मागत नाही त्याच्याशी भाव करता येत नाही. मुलाला यातलं काही सांगायचं नाही, एवढं मात्र माझ्याकडून वदवून घेतलं. मुलाला वाटतं, वय झालं म्हणून सोडली.

शेवटी मी धुळ्याला गेलो. म्हटलं, जुनी सायकल परत आणतो, मग बघू बोली कशी टिकते ते. दुकानात शिरलो आणि समोर भिंतीवर तीच दिसली. नुसता सांगाडा. पिवळा रंग मारून, वर दिव्यांची माळ सोडून शोभेला टांगलेली. चाकं नाहीत, वायरी नाहीत, तिरप्या दांड्यावर लिव्हरच्या जागी पुट्टी भरून घासून घेतलेलं.

"लिव्हर कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठला लिव्हर, शेठ?"

"याच्यावरचा."

"ते जुनं मॉडेल होतं. आता कोण वापरतं? भंगारात गेलं असेल." मग काउंटरकडे बघून म्हणाला, "ते गमतीचं लाकूड मात्र ठेवलंय. छान आहे ना?"

भोवरा बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला होता. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून.

मी काय भाव करणार? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "घेऊन जा की शेठ. फुकट." जन्मात पहिल्यांदा मला कुणी हवी असलेली वस्तू न भांडता दिली, आणि मी ती बिलांवरून उचलून खिशात टाकली. मी शिव्या दिल्या. लोक जमले. तो शांतपणे म्हणाला, "काका खूश होते. त्यांनी काही तक्रार केली का?"

नाही केली. ते करतही नाहीत.

भोवरा मी नानांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्यांनी तो उचलला, तळहातात बसवला. आता रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात, भोवरा गुडघ्यावर ठेवतात आणि समोरून चढावर कुणी सायकल घेऊन चाललं की तळहाताने हळूच मागे ओढतात. आवाज येत नाही, तरी मान हलवतात. नवी सायकल शेडमध्ये आहे. गॅरंटी अजून शाबूत आहे.

तर दुकानदारा, तुला मी विचारतो. मुलाला मी काही विचारणार नाही, नानांनी तोंड बांधलंय माझं. पण तुझ्याबद्दल त्यांनी माझ्याकडून काही वदवून घेतलेलं नाही. तू त्यांचा हात धरला होतास. दुकानाच्या पायरीवर, दिवसाढवळ्या. पिंप्राळ्याला ये, ओट्यावर त्यांच्यासमोर बस, तोच हात पुन्हा तुझ्या हातात घे, आणि त्यांना तोंडावर सांग: त्या दिवशी तुझ्या तळव्याला किती बोटं लागली होती?